रोलची शेपटी

समोरच्या माणसाची हनुवटी हवेतल्या हवेत दोन बोटांनी वर उचलायची तिला खोडच होती. भाजी घेताना, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना, एकदा तर आमच्या लॅबच्या मालकाला झापताना. हात लावायची नाही. बोटं वीतभर अलीकडेच थांबत, तरी समोरच्याची मान आपसूक वर येई. मग ती समाधानाने म्हणे, "हां. आता कसं, माणूस दिसते."

अकोल्यात त्या काळात ज्यांच्या घरी लग्न निघालं, त्यांना ही बाई आठवत असणार. काळा बुरखा, त्यावरून तिरपा अडकवलेला कॅमेरा, पायात पुरुषी चपला, आणि चाल अशी की बरोबरच्याने पळावं. सगळे तिला आपा म्हणत, मीही म्हणायचे, आणि इथेही तेवढंच पुरे. नाव छापलेलं तिला आवडलं नसतं. तिने दुकानाला पाटीसुद्धा लावली नव्हती. दुकानच नव्हतं म्हणा.

ती बायकांचे फोटो काढायची. फक्त बायकांचे, आणि तेही त्यांच्या घरी जाऊन. ज्या घरच्या लेकीसुना स्टुडिओत परक्या माणसासमोर स्टुलावर बसणार नाहीत अशी घरं आमच्या गावात कमी नव्हती, आणि ती सगळी मुसलमानांचीच होती असंही समजू नका. स्थळाला दाखवायचा फोटो, मेंदीचा, डोहाळजेवणाचा, रेशनकार्डाचा. आपा आत शिरली की घरातले पुरुष मुकाट अंगणात जाऊन बसत.

"कॅमेऱ्याकडे नोको पाहू," ती मुलीला सांगे. "घरात ज्याच्यावर तुहा जीव हाये, त्याच्याकडे पाय." मुलगी लाजत कोणाकडे तरी पाही, आणि कोणाकडे पाहिलं ते साऱ्या घराला कळे. यावरून एका घरी चांगलंच वाजलं होतं. नव्या सुनेने नवरा, सासू, नणंद सगळे सोडून दावणीच्या बकरीकडे पाहिलं होतं. फोटो मात्र इतका गोड आला होता की बोलायची सोय नव्हती.

माझी तिची गाठ पडली ती या कामातूनच. जठारपेठेतल्या एका कलर लॅबमध्ये मी प्रिंटिंगच्या मशीनवर होते. त्या मशीनवर बसणारी बाई म्हणजे लोकांना नवल. आपाला मात्र तेच हवं होतं. बायकांचे फोटो बाईनेच धुवायचे, बाईनेच छापायचे, असा तिचा कायदा. रोल माझ्या हातात द्यायची, स्टूल ओढून माझ्याशेजारी बसायची आणि फोटो निघेपर्यंत उठायची नाही. मधेच कोणी डोकावलं की म्हणायची, भाऊ, जरा तिकडे पाय. आणि भाऊ तिकडे पाहायचा.

आता मोबाइलवाल्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. रोल छत्तीस फोटोंचा. लग्न, मेंदी आटोपली तरी शेवटी चारपाच फोटो उरतातच. उरलेले तसेच सोडून रोल धुवायला टाकणं फोटोग्राफरच्या जिवावर येई. मग तो लॅबला येता येता कशाचेही फोटो काढून रोल संपवी. मी अशा किती जणांच्या स्कूटरी पाहिल्या असतील! स्कूटर, कुत्रा, आमच्या लॅबचं शटर, स्वतःचं पोर नाक शेंबडं असताना. या शेवटच्या तुकड्याला आम्ही शेपटी म्हणायचो.

आपाच्या शेपटीत दोनच गोष्टी असत. एक पॅसेंजर गाडी, आणि दुसरं घर बांधणारं पाखरू.

निगेटिव्ह कापायचा तिचा नेम ठरलेला. नवरीचा, बायकांचा भाग पाकिटात घालून त्या घरी परत जायचा. एक तुकडासुद्धा मागे राहता कामा नये. शेपटी तेवढी माझ्याकडे. मी त्या शेपट्या पेढ्यांच्या डब्यात जपून ठेवायची. तिने सांगितलं नव्हतं. पण टाकून द्यावं असं त्यात काही नव्हतं.

तिच्या शेपट्यांवरून मला महिना कळायचा. चैत्रात बुलबुल, कोणाच्या तरी मधुमालतीच्या वेलात. उन्हाळ्याच्या अखेरीला कावळा, चोचीत तारेचा तुकडा. श्रावणात विहिरीवरच्या बाभळीला लोंबकळणारे सुगरणीचे खोपे, आणि त्यांच्यावर उलटा लटकून गवत ओवणारा तो पिवळ्या डोक्याचा नर. त्याची तिला फार दया यायची. एवढं विणून ठेवते बिचारा, अन् बायको येऊन पाहते अन् नापसंत करून निघून जाते, म्हणायची. पानं शिवणारा शिंपी पक्षी तर तिला आपल्या मोहल्ल्यातलाच वाटे. आणि हिवाळ्यात होला, कबुतराचा तो धाकटा भाऊ. होल्याच्या घरट्यावर ती मनापासून हसायची. दोन काड्या उभ्या, दोन आडव्या, झाला संसार! अंडं खाली कसं पडत नाही हाच चमत्कार.

एक मात्र होतं. घरटं बांधून झालं आणि अंडी आली की ती त्या झाडाकडे फिरकत नसे. मी एकदा विचारलं, आपा, पिल्लांचा फोटो काहून नाही काढत? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी वावगं बोलले.

"आता पडदा हाये त्यांचा," ती म्हणाली.

गाड्यांचं कारण वेगळं होतं, आणि ते तिने लपवलं नाही. तिची धाकटी बहीण, मुन्नी, खंडव्याच्या अलीकडे मीटरगेजच्या लाइनवर दिली होती. आपाचं स्वतःचं लग्न टिकलं नव्हतं. आई आणि ही मुन्नी, एवढंच तिचं घर. मुन्नी खंडव्याच्या पॅसेंजरने यायची, चार दिवस राहायची, दोघी बहिणी रात्रभर बोलायच्या, आई ओरडायची. पुढे ऐन वैशाखात आई वारली. मुन्नीला निरोप गेला, ती मिळेल त्या गाडीने निघाली, पण ती अकोल्यात उतरली तेव्हा आईला नेऊन झालं होतं. आपा मोठी, थांबायचं नाही हे तिनेच सांगितलं होतं.

मुन्नी दारातच उभी राहिली. मायचं तोंड मले दाखवलं नाई, म्हणाली. तू फोटोवाली ना, मग एक फोटो तरी काढून ठेवाचा होता! आपाने काढला नव्हता. जी बाई जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही, तिचा आता, तिला विचारता येत नसताना काढायचा? तिचा हात धजला नाही. मुन्नी पाणीसुद्धा न पिता परतीच्या गाडीने गेली. जाताना म्हणाली की अकोल्यात पुन्हा पाय ठेवणार नाही.

तेव्हापासून आपा पॅसेंजरच्या वेळेला स्टेशनवर असायची. रोल संपवायला आले, असं तिकीट तपासणाऱ्याला सांगायची. गाडी आली की डबे, दारं, खिडक्या, उतरणाऱ्या बायका. आकोटकडच्या संत्र्यांच्या टोपल्या, मेळघाटातून आलेली सीताफळं, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. सगळं त्या फोटोंत असे. एक बाई तेवढी नसे. मी म्हणायची, आपा, एकदा तुमीच जाऊन या ना. ती मान हलवायची.

"मोठी मी आहो," म्हणायची. "येईल त थेच येईल."

पुढची वर्षं आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला वाईट गेली. तुम्हाला ती वेगळी सांगायला नकोत. लग्नं पुढे ढकलली गेली, झाली तीही आटोपती. जिथे एका घरचे तीन रोल यायचे तिथे एका रोलमध्ये दोन घरं बसू लागली. सरकारी मदतीच्या कागदांवर लावायचे फोटो मात्र वाढले. आपाला खेड्यांतून बोलावणी येऊ लागली, आणि ती कशासाठी आहेत हे निरोप आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळे.

एका रविवारी तिने मला सोबत नेलं. पांढरी चादर मागे धरायला माणूस हवं होतं. आकोट रस्त्यावरच्या एका गावात घरधनी गेला होता. कसा, ते कोणी बोललं नाही. त्या वर्षांत कोणी विचारतही नसे. बायको तिशीची असेल, फार तर. तिला ओसरीवर बसवलं, मी चादर ताणून उभी राहिले, आपाने हवेतल्या हवेत हनुवटी वर केली आणि सवयीने सुरुवात केली, कॅमेऱ्याकडे नोको पाहू, घरात ज्याच्यावर तुहा...

आणि ती थांबली. कॅमेरा खाली आला. चादरीमागे माझे हात भरून आले, पण हलायची हिंमत होईना. ती बाई तशीच समोर पाहत बसली होती, कुठे पाहू ते न कळून.

"माह्याकडे पाय, बाई," आपा म्हणाली. "माह्याकडे."

फोटो काढून आम्ही निघालो. वाटेत विहिरीच्या काठाला बाभळीवर सुगरणींची घाई चालली होती. रोलमध्ये थोडे उरले होते. ते तिने तिथेच संपवले. एसटीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाली की मुन्नीला एकदा पाहावंसं वाटतं. जिवंतपणी, असं म्हणाली. मला तेव्हा तिचा फार राग आला. एवढी माया, आणि एवढा ताठा! पण चादर धरून धरून हात दुखत होते, ते चोळत बसले.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आपा एक रोल घेऊन आली. मी तो धुवायला टाकला, आणि मशीनवर शेपटीचा शेवटचा फोटो आला तेव्हा मला वाटलं, वा! अकोल्याच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला, पूर्वी इंजिनात पाणी भरायचे तो मोठा लोखंडी नळ होता. बिनकामाचा झाल्यावर त्याच्या तोंडात साळुंक्यांनी घर केलं होतं. फोटोत साळुंकी चोचीत काडी घेऊन नळाच्या कडेला बसलेली, तिचे डोळे, पिवळा पाय, काडीचा पिळसुद्धा स्वच्छ. मागून पुढे पूर्णा जंक्शनकडे निघालेली पॅसेंजर, अंधुक. मी कौतुकाने फोटो तिच्यापुढे धरला.

तिने साळुंकीकडे पाहिलंच नाही. मागच्या डब्याच्या एका खिडकीवर बोट ठेवलं. खिडकीत एक बाई होती. चेहरा म्हणजे नुसता डाग. एक हात गजातून कोपरापर्यंत बाहेर आलेला.

"ही मुन्नी हाये," आपा म्हणाली.

मी म्हटलं, आपा, नाक डोळे दिसत नाहीत, कशावरून? तर म्हणाली, गज असा कोण धरते? ल्हानपणापासून असाच धरते. मोठा करून दे. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. साळुंकीचं एकेक पीस मोजावं इतकं साफ आलं. मुन्नी मात्र जितकी मोठी केली तितकी विरत गेली. त्या दिवशी मला त्या पाखराचा दुस्वास वाटला, खरं सांगते.

मला वाटलं आता ही पहिल्या गाडीने जाणार. झालं भलतंच. दोन दिवसांनी आली ती रागाने लाल होऊन. मुन्नी अकोल्यावरून गेली. गाडी इथे एवढा वेळ उभी राहते. आणि ती खाली उतरली नाही! माझ्या गावावरून गेली अन् मले भेटली नाई, हेच तिचं पालुपद. मी काही बोलायला गेले की हात झटकायची.

त्या पावसाळ्यात तिचे रोल यायचे ते शेपटीशिवाय. कोरे. नवरी संपली की पुढे नुसती काळी पट्टी छापून निघायची. श्रावण आला, खोपे लागले असतील, पॅसेंजर रोज येत जात होती, आणि आपाच्या रोलमध्ये काही नाही. बाप्पा, मला ते पाहवेना. एक दिवस कोरी शेपटी कापून मी तिच्या हातात ठेवली आणि माझा तोल गेला.

"आपा, थे खिडकीतून तुमच्याकडे पाहून राहिली होती," मी म्हटलं. "तुमी कोणाकडे पाहून राहिल्या होत्या?"

ती कात्री हातात घेऊन उघडझाप करत बसली. मग म्हणाली, "साळुंकीकडे."

पुढच्याच आठवड्यात ती मुन्नीकडे निघाली. स्टेशनवर मी पोचवायला होते. कॅमेरा गळ्यातून काढून तिने माझ्या हातात दिला. म्हणाली, हा असला की मी ह्याच्यामागे लपते, राहू दे तुह्याजवळ. बिनकॅमेऱ्याची आपा मी पहिल्यांदाच पाहत होते. तिला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. गाडी हलली तेव्हा माझ्याकडे न पाहता समोरच्या बाकावरच्या बाईला जागा करून देत बसली होती.

महिनाभराने आली ती घर आवरायला. मुन्नीचा नवरा गेला होता, मुलगा इंदूरला, घरात ती एकटी. आता आपा तिच्याकडेच राहणार होती. दार उघडल्या उघडल्या मुन्नी काय म्हणाली, ते आपाने मला सांगितलं. म्हणाली, आपा, मी हाका मारून मारून थकली, अन् तू त पाखराकडे पाहत होती. उतरायचं तिच्या मनात होतं, पण पाय रेटेनात, आणि गाडी सुटल्यावर तोंडातून हाक निघाली. हे सांगताना आपा हसत होती, आणि हसता हसता बुरख्याच्या टोकाने डोळे पुसत होती.

मी विचारलं, मग मिटलं ना सगळं? ती म्हणाली, कुठचं! दर जेवणाला मायची गोष्ट निघते. ताट वाढते अन् ऐकवते.

"माफ नाई केलं त नाई केलं," आपा म्हणाली. "पण आता जवळ बसून नाई करत. दूर राहून नाई करत होती, थे लय वाईट होतं."

कॅमेरा ती घेऊन गेली. माझ्या पेढ्यांच्या डब्याला हातही लावला नाही. राहू दे, म्हणाली, तुले कामी येतीन. कामी काय येणार होत्या! पण मी त्या ठेवल्या.

मग रोल गेले. लॅब बंद झाली. मी अमरावतीला आले, राजापेठेत एक छोटं दुकान टाकलं. झेरॉक्स, रिचार्ज, पासपोर्ट फोटो. ट्यूशनची पोरं येतात, मान खाली घालून मोबाइल पाहत उभी राहतात, आणि त्यांची हनुवटी वर करायला माझी बोटं शिवशिवतात. आपा आठवते. रोज आठवते असं म्हणणार नाही, पण आठवली की दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

फोनवर बोलायचो. मुन्नीच्या मुलाने तिला कॅमेऱ्याचा मोबाइल दिला होता. मी विचारलं, आता तर मजा, कितीही काढा! तर म्हणाली, याचं संपतच नाई, त उरन काय? फोटो काढणं तिने सोडलं होतं. तिकडची पाखरं मात्र फोनवर सांगायची. कोण काड्या नेऊन राहिलं, कोणाचा पडदा लागला. लाइन रुंद करायची म्हणून पॅसेंजर बंद झाली तेव्हाही तिचाच फोन आला. रुळावर होले चालतात, म्हणाली. तू ये एकदा, म्हणायची. मी येते म्हणायची. पूर्वी अकोल्याहून एका गाडीत बसलं की तिच्या गावी उतरता यायचं. आता बडनेऱ्याहून मोठ्या लाइनने भुसावळ, तिथून खंडवा, पुढे बस. दुकान कोणावर टाकू, पोरांच्या परीक्षा होऊ देत, असं करता करता वर्षं गेली.

गेल्या वैशाखात मुन्नीचा फोन आला. आवाज ऐकला आणि मी पायात चपला घातल्या. दुकानाचं शटर अर्धं पाडून निघाले. भुसावळला गाडी चुकली. खंडव्यात बस उशिरा लागली. मी त्या घरी पोचले तेव्हा दुपार उलटली होती, आणि आपाला सकाळीच नेलं होतं.

मुन्नी ओसरीवर बसली होती. मी तिला पूर्वी एकदाच पाहिलं होतं, तेही फोटोतला डाग म्हणून. आता पाहिली. आपाचंच नाक, आपाचंच कपाळ. इतकी वर्षं तिकडे राहूनही बोलणं अजून आमच्या अकोल्याचं. तिने मला जवळ बसवलं. म्हणाली की शेजारचे सगळे थांबा म्हणत होते, अमरावतीहून पोरगी निघाली, तिले तोंड पाहू द्या. पण हे ऊन, अन् आपा अशी ठेवलेली. माह्यानं पाहणं नाई झालं. मीच म्हटलं, न्या.

मी म्हटलं, तुम्ही बरोबर केलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"मी तिले जलमभर हेच ऐकवलं, पोरी," मुन्नी म्हणाली. "अन् थे चुपचाप ऐकून घ्याची."

मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तिच्या लेकीच्या वयाची, पण ती रडली ती मोठ्या बहिणीपाशी रडावं तशी.